सोको मेला, कोंबडी घेऊन ये

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. परीक्षा डोक्यावर बसलीये, वीज दिवसातून जेमतेम काही तास येते, आणि ज्यांच्यावर लिहायचं ते बा कबासोच म्हणाले, "आमच्यावर काय लिहितेस पोरी? लिहायचं तर वाजवणाऱ्यांवर लिही. आम्ही नुसते ऐकणारे." मी म्हटलं बरं, आणि पुस्तक उघडलं. पण त्या दिवशी मिनीबसमध्ये मी त्यांच्या शेजारी मांडीवर कोंबडी घेऊन बसले होते ना, तेव्हापासून पुस्तकात लक्षच लागत नाहीये. म्हणून लिहूनच टाकते, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बा कबासो माझे घरमालक, त्यातलं बा आदराचं. किट्वेत, वुसाकिलेच्या खाणवस्तीत त्यांचं घर आहे, मागची खोली मी भाड्याने घेतलीये. पुढच्या खोलीत ते एकटेच. बायको गेली, मुली लुसाकाला. उंच, वाळलेला माणूस, सत्तरीला आलेला. जन्मभर खाणीच्या लॅम्परूममध्ये नोकरी केली. खाली उतरणाऱ्या माणसाने खिडकीत आपला पितळेचा बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. शिफ्ट सुटली आणि एखादा बिल्ला खुंटीवर तसाच लटकत राहिला, की समजायचं हा माणूस अजून खालीच आहे. या माणसाचं सगळं आयुष्य त्या खुंट्यांकडे बघण्यात गेलंय. त्यामुळेच की काय कोण जाणे, ते कायम कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे दिसतात. मला कॉलेजातून यायला जरा उशीर झाला की हे आपले फाटकात उभे.

"फोन कशाला बाळगतेस? शोभेला?"

"अहो, चार्जिंग नव्हतं."

"मग तसं फोन करून सांगायचं ना!"

मी आपली फोन चार्जिंगला लावायला आत पळते.

पण या घाबरट माणसाचा चेहरा एका विषयावर एकदम उजळतो. बँड! सत्तरच्या दशकात इथे काय बँड होते म्हणून सांगू. म्हणजे मी नाही पाहिले, मी कुठची, पण ऐकून ऐकून मला पाठ झालंय. लांब केस, खाली फाकलेल्या पॅन्ट्स, विलायतेच्या रेकॉर्डी रेडिओवर ऐकून शिकलेली गिटार, आणि त्यात मिसळलेला आपला ढोलाचा ठेका. शेजारच्या देशात लढाई चालू, त्यामुळे अंधार पडला की दिवे बंद, बाहेर फिरायची चोरी. म्हणून सगळे कार्यक्रम दुपारी. रविवारी चर्च सुटलं की पोरं घरी न जाता तशीच खाणीच्या वेल्फेअर हॉलवर. चर्चचा शर्ट आत आणि वरून कुणाचं तरी उसनं जाकीट.

"सगळे लीड गिटारवाल्याकडे बघायचे," बा कबासो सांगतात. "तो उड्या मारायचा, दातांनी तारा ओढायचा. पोरी किंचाळायच्या. मी मात्र सरळ बेसवाल्याच्या समोर जाऊन उभा राहायचो."

"का पण?"

"अगं, बाकीचं सगळं ऐकू येतं. बेस लागतो."

"कुठे लागतो?"

"इथे." बरगडीखाली हात ठेवतात. "भूक लागते ना, तिच्या शेजारीच."

त्यांना माणसं चेहऱ्याने कमी आठवतात, बेसने जास्त. एन्डोलाच्या एका बँडचा बेस असा होता की तारेला हात लावला की शॉक बसायचा, म्हणून तो पोरगा खाणीतले गमबूट घालून वाजवायचा. वरून रेशमी शर्ट, खाली गमबूट! लोकांना वाटलं फॅशन आहे. पुढच्या रविवारी हॉलमध्ये निम्मी पोरं गमबूट घालून हजर. मुफुलिराच्या एका बँडचा बेस मानेपाशी चिरला होता, तो ओल्या चामड्याच्या पट्टीने आवळून बांधलेला. चामडं वाळलं की सूर चढायचा, मग तो मध्येच पट्टीवर पाणी शिंपडायचा. आणि एकदा लुसाकाहून आलेल्या बेसवाल्याच्या दोन तारा पहिल्या गाण्यातच तुटल्या, तर त्याने उरलेल्या दोन तारांवर सगळा कार्यक्रम काढला.

"कुणाला म्हणून कळलं नाही," बा कबासो म्हणतात. "मला कळलं. मी नुसता घाम पुसत होतो, जसा काही मीच वाजवतोय."

पण या सगळ्यांच्या वर एकच बँड. इम्पाशी. इम्पाशी म्हणजे त्या रांगेने येणाऱ्या मुंग्या, ज्या आल्या की माणूस घर सोडून पळतो. आणि इम्पाशीचा बेसवाला झाकेयो सोको. लाल रंगाचा जपानी बेस, तोंडात काडेपेटीतली काडी, आणि उभा असा की कुणाला वाटावं बसची वाट बघतोय. बाकी चौघं स्टेजवर नाचतायत आणि हा हलतच नाही, फक्त बोटं. पण तो वाजवायला लागला की हॉलच्या पत्र्यांवरून वर्षानुवर्षांची धूळ खाली झडायची आणि पहिल्या रांगेतली पोरं पांढरी व्हायची.

पहिल्यांदाच ऐकायला गेले तेव्हा बा कबासो समोर उभे राहून ओरडले, "ए उंदीरखाऊ! जोरात वाजव की! का उंदीर अडकलाय घशात?"

गाणं संपलं. सोको सावकाश माइकपाशी आला, काडी काढली, म्हणाला, "आत्ता कुठलं माकडखाऊ माकड बोललं? वर या. झाडावरून उतरून या."

सगळा हॉल हसून फुटला. आणि तिथून यांची पन्नास वर्षांची दोस्ती.

हे तुम्हाला भांडण वाटेल, पण बा कबासो बेम्बा आणि सोको न्गोनी. आमचे पूर्वज एकेकाळी लढले, लढाई मिटली आणि मागे राहिली ती चिंबुया. म्हणजे एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, न्गोनीला उंदीरखाऊ, बेम्बाला माकडखाऊ, आणि समोरच्याने रागवायचं नाही. बाजारात, बसमध्ये, लग्नात. आणि सगळ्यात जास्त मयतीत. न्गोनी मेला की बेम्बाने त्याच्या दारात जाऊन त्याची टिंगल करायची, पेटीपाशी थट्टा करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. ते कामच असतं आपलं. कुणी केलंच नाही तर घरच्यांना वाईट वाटतं, आमच्या माणसाला कुणी म्बुया, असा थट्टा करणारा, नव्हता का म्हणून.

तर सोको आता लुआन्श्याला राहतो, आणि दर थोड्या दिवसांनी त्याचा फोन येणार हे ठरलेलं.

"हॅलो, माकडखाऊ? सोको मेला. कोंबडी घेऊन ये."

"कधी मेला?"

"सकाळी. तू येणार नाहीस म्हणून उठून फोन करतोय."

मग दोघं इतकं हसायचे की बा कबासोंना खोकला यायचा. फोन ठेवला की मात्र ते उठून फाटकात जाऊन उभे राहायचे. कारण इम्पाशीचे बाकीचे चौघं खरंच गेलेत. नव्वदच्या आसपासची ती वर्षं, जेव्हा आमच्याकडे प्रत्येक घरातून कुणीतरी उचललं जात होतं आणि आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. चौघांतल्या एकालाही बा कबासो शेवटचं भेटलेले नाहीत. कधी डबल शिफ्ट, कधी निरोप उशिरा. ड्रमवाला लाइटवेल आजारी आहे हे तर त्यांना चांगलं माहीत होतं. महिनाअखेरीस जातो म्हणाले. गेले तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. उरला एकटा सोको.

आता त्या सकाळचं सांगते. बा कबासो मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर चहा ठेवत होते, मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर नेहमी चालू.

"बा कबासो? सोको मेला. कोंबडी घेऊन या."

हे लगेच फॉर्मात. "मेला? मग उभा पुरा त्याला, जागा कमी लागेल! आणि तोंडात काडी ठेवा, नाहीतर वर कुणी ओळखणार नाही!"

पलीकडे कुणी हसलं नाही. काहीतरी खरखरलं आणि फोन कट. बा कबासो हसत हसत चहा ओतायला लागले. ओतता ओतता थांबले. पातेलं हातात तसंच.

"लोम्बे."

"हं?"

"तो आवाज झाकेयोचा नव्हता."

मी म्हटलं असेल नातू वगैरे, त्याच्याकडून बोलवलं असेल गंमत म्हणून. त्यांनी परत फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"वीज नसेल तिकडे," मी म्हटलं.

"नसेल."

"काल आपल्याकडे पण नव्हती."

"नव्हती." पातेलं खाली ठेवलं. "आपण मरण सांगायला दुसऱ्याला कधी लावत नाही गं. आमचं ठरलंय. स्वतःचं मरण स्वतः सांगायचं."

मला हसू आलं, ते मी लगेच आवरलं. ते शेगडीभोवती फिरायला लागले. "आणि मी काय बोललो? उभा पुरा म्हणालो. त्याच्या पोराला म्हणालो असेन तर?"

"चिंबुयात चालतं की."

"फोनवर नाही चालत! तिथे जायचं, आधी रडायचं, मग चालतं!"

मी सरळ पुस्तक मिटलं. "चला. मी येते बरोबर."

"आत्ता?" ते एकदम मागेच सरकले. "नको, उद्या बघू. वीज आली की फोन लागेल. उगाच जाऊन काय. तुझी परीक्षा आहे. आणि माझा गुडघा..."

त्यांना जायचं नव्हतं असं नाही. तिथे पोचेपर्यंत सोको जिवंत होता, एवढंच त्यांना हवं होतं. पण मला असं वाट बघत बसणं जमत नाही, मी त्यांचं जाकीट आणून हातात दिलं. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा गळ्यात काळा टाय. फाटकापर्यंत आले आणि टाय काढला. "जिवंत असला तर? टाय बघून काय म्हणेल?" मग गुंडाळून खिशात ठेवला.

स्टँडवर कोंबडीवाली बाई म्हणाली, "मयतीला हवी की पाहुणचाराला?"

बा कबासोंनी खिशातला टाय चाचपला. "माहीत नाही अजून."

"घ्या मग कुठलीही. कोंबडीला काय, दोन्ही सारखंच."

मिनीबस भरेपर्यंत सुटत नाही हे तुम्हाला माहीतच असेल. शेवटची दोन सीट भरेचनात. बा कबासो त्या रिकाम्या सीटकडे असे बघत होते की मला वाटलं आता हे उठून रस्त्यावरून कुणालातरी धरून आणतील. कंडक्टर म्हणाला, "बाबा, त्या सीटला नजर लावून माणूस उगवणार नाही." शेवटी एक जाडी बाई मक्याच्या पिठाची गोणी घेऊन आली, दोन्ही सीट तिनेच भरल्या, आणि निघालो.

वाटेत त्यांची बडबड थांबेना. घाबरले की ते बोलतात. "एकदा ना, कार्यक्रम चालू असताना वीज गेली. लीड बंद, माइक बंद, सगळे ओरडायला लागले. झाकेयो वाजवतच राहिला. नुसत्या लाकडावर. मी समोर होतो म्हणून मला दिसत होतं. कुणाला ऐकू जात नव्हतं, पण त्याने गाणं पूर्ण केलं. नंतर मी विचारलं, का रे उंदरा, कुणासाठी? म्हणाला, गाणं अर्धं टाकलं की रात्री झोप लागत नाही." मग खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात, "लोम्बे, समजा खरंच गेला असला, तर तिथे सगळ्यांना हसवणारा मीच. मलाच हसू आलं नाही तर?"

"येईल."

"तुला काय माहीत? तू कधी केलंयस?"

"नाही."

"मग गप्प बस." आणि जरा वेळाने माझ्या हातावर थोपटलं. "कोंबडीचं तोंड उघडं ठेव, गुदमरेल."

लुआन्श्याच्या मिकोम्फ्वा वस्तीत उतरलो. सोकोच्या घराचा कोपरा वळलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो.

आंब्याच्या झाडाखाली लाकडाचा ओंडका धुमसत होता. भोवती पुरुष बाकांवर, स्टुलांवर, उलट्या बादल्यांवर बसलेले. घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. भरदुपारी विस्तव आणि पुरुष बाहेर बसलेले, याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

बा कबासोंनी खिशातून टाय काढला. गाठ काही बसेना. मीच बांधला. आणि ते गेले. गेले म्हणजे धावलेच, गुडघाबिडघा सगळं विसरून.

"कुठाय? कुठाय तो उंदीरखाऊ! मला न विचारता मेला?" विस्तवापाशी जाऊन हात पसरले. "पन्नास वर्षं तालात राहिलास आणि मरताना मात्र एवढी घाई? अरे, एक ठोका थांबायचं होतंस ना! पेटी कुणी केली? मोठी करा! मी पण बसतो आत! दोन बिऱ्हाडांची करा!" आणि घराच्या वाटेवर सरळ आडवे पडले, धुळीत, टायसकट. "घ्या माझं माप! मी मेल्याशिवाय हा उंदीर इथून हलणार नाही!"

हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बघवत नव्हतं.

कुणीच हसलं नाही. कुणी टाळी दिली नाही, कुणी उलट शिवी दिली नाही. मग हॅट घातलेले एक म्हातारे उठले, काठी टेकत जवळ आले.

"कोण रे तू?"

"मी बेम्बा! म्बुया!" बा कबासो पडल्या पडल्याच ओरडले.

"कुणाचा म्बुया? आमची आई लुवाले होती."

मागून कुणीतरी म्हणालं, "पिऊन आलाय." दुसरा म्हणाला, "उचला आणि रस्त्यावर ठेवा." लुवाले आणि बेम्बांचं असलं थट्टेचं नातं नाहीच. म्हणजे हा नुसता एक परका माणूस, कुणाच्यातरी आईच्या मयतीत येऊन मेलेलीला उंदीर म्हणत होता. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दोन तरुण पोरं पुढे आली, एकाने बा कबासोंची कॉलर धरली पण. मी मध्ये घुसले, कोंबडी ओरडायला लागली, मी काय बोलत होते मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात आंब्याच्या बाजूच्या खिडकीतून, पडद्यामागून, एक घोगरा आवाज आला.

"कोल्वे!"

कोल्वे म्हणजे माकड.

बा कबासोंनी मान वळवली. केसांत धूळ, टाय एका कानावर.

"कोल्वे! कोल्वे!"

माणसं शेजारच्या मयतीची होती. फक्त सावली सोकोच्या आंब्याची होती, म्हणून सगळे त्याच्या अंगणात सरकले होते. आणि रडणं येत होतं पलीकडच्या दारातून.

बा कबासो त्या म्हाताऱ्यांसमोर गुडघ्यांवर बसले, हातांच्या ओंजळी करून टाळ्या वाजवत राहिले, माफी मागायची आमची रीत, आणि मान काही वर करेनात. "बाबा, माझं चुकलं. माझा माणूस मेला असं वाटलं. माझा माणूस." मी काही न सुचून कोंबडी पुढे केली. म्हाताऱ्यांनी कोंबडीकडे बघितलं, मग बा कबासोंकडे. "आई शेवटी ठार बहिरी झाली होती," ते म्हणाले, "नाहीतर आतूनच तुला काठी फेकून मारली असती." मग कोंबडी घेतली. "जा. तुझा माणूस जिवंत असताना जा."

सोकोची बायको, बाना डालित्सो म्हणजे डालित्सोची आई, दारात उभी होती. कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याच्या टोकाने डोळे पुसत हसत होती की रडत होती, कळेना.

"बा कबासो, तुम्हाला माझं घरही सापडत नाही का?"

आत सोको खुर्चीत होता. उजवी बाजू सगळी गेलेली. हात मांडीवर असा ठेवलेला जसा दुसऱ्या कुणाचा तरी असावा. तोंड एका बाजूला ओघळलेलं. आठ-दहा दिवसांपूर्वी झटका आला, असं बाना डालित्सोने सांगितलं. वाचा गेली. एकच शब्द उरला.

"तोच नेमका," ती म्हणाली. "नर्सला कोल्वे. मला कोल्वे. पास्टर प्रार्थनेला आले, डोळे मिटून आमेन म्हणाले, तर यांचं काय? कोल्वे! मी मेल्याहून मेल्यासारखी झाले."

मुलगा डालित्सो दाराला टेकून उभा होता, चांगला मोठा बाप्या, पण मान खाली. "तो फोन मी केला होता, बा कबासो. हे सारखं फोनकडे बोट दाखवायचे आणि कोल्वे कोल्वे. मला कळलं तुम्हाला बोलवायचंय. पण तुम्हाला कसं सांगू, की यांची वाचा गेलीये? जमलं नाही. मग म्हटलं, हे नेहमी सांगतात तेच सांगावं. तेवढ्यात बॅटरी गेली."

बा कबासो ऐकत होते की नाही कोण जाणे. ते सोकोसमोर बसले होते आणि त्यांच्या तोंडातून एकही थट्टा निघत नव्हती. औषधं कुठली देतात, पुन्हा झटका येईल का, डॉक्टर काय म्हणतो, रात्री जवळ कोण झोपतं. विचारत होते बाना डालित्सोला, बघत होते सोकोकडे, आणि आवाज असा की पेशंटला ऐकू जाऊ नये. सोकोने एकदा प्रश्न विचारल्यासारखं म्हटलं, "कोल्वे?" बा कबासोंनी त्याचा गेलेला हात हातात घेतला आणि म्हणाले, "हो रे झाकेयो, हो. आराम कर."

सोको भडकला. चांगल्या हाताने त्याने बा कबासोंच्या दंडावर फाटकन मारली. "कोल्वे! कोल्वे!" डोळ्यांत पाणी, रागाने. मला एकदम कळलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच या माणसाने त्याला नावाने हाक मारली होती, आणि आराम कर म्हणाला होता. सोको मेलेला नव्हता, पण बा कबासो त्याच्याशी मेल्यासारखं वागत होते. अहो, मेलेल्याशीसुद्धा आपण असं वागत नाही.

बाना डालित्सो हळूच म्हणाली, "बोला ना काहीतरी. तुम्ही तरी."

सोकोने बोट वर केलं. भिंतीवर लाल बेस टांगलेला, कव्हरशिवाय, तारा गंजलेल्या. डालित्सोने काढून मांडीवर दिला. वीज नव्हतीच, आणि स्पीकर तर कधीच विकलेला. सोकोचा डावा हात, सूर दाबणारा, तो शाबूत होता. त्याची बोटं बेसच्या मानेवर बसली, एक एक करून, जागच्या जागी, जशी कधी हललीच नव्हती. उजवा हात पडलेला. त्याने बा कबासोंकडे बघितलं, मग तारांकडे, मग परत बा कबासोंकडे.

"मी?" बा कबासो म्हणाले. "मला नाही येत."

"कोल्वे."

त्यांनी भीत भीत एक तार ओढली. चुकीची. सोकोने कपाळाला आठ्या घातल्या. दुसरी ओढली. फार लवकर. "कोल्वे, कोल्वे, कोल्वे!" आता तो शिकवत होता, रागावत होता, मान हलवून ठेका देत होता, आणि लाळ गळत होती तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बा कबासोंचा घाम निघाला. शेवटी वैतागून ओरडले, "अरे उंदीरखाऊ! जन्मभर समोर उभा राहून ऐकलं तुला! तेव्हा सांगायचं होतंस ना की एक दिवस मलाच वाजवावं लागणार आहे म्हणून!"

सोको हसला. अर्ध्या तोंडाने, आवाज न करता, सगळं पोट हलवत हसला.

मला खरं सांगायचं तर काहीच नीट ऐकू आलं नाही. गंजलेल्या तारेची खरखर, मधूनच एखादा सूर, आणि पलीकडच्या घरातून रडणं. पण बा कबासो वाकून छाती त्या लाकडाला लावून बसले होते, त्यांना काय लागत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

परत येताना मिनीबसमध्ये ते गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले होते. वुसाकिलेला उतरल्यावर म्हणाले, "दुसरा झटका कधीही येऊ शकतो म्हणे." मग घरात जाऊन टाय खिळ्याला अडकवला, दाराच्या आतल्या बाजूला, पटकन हाताशी येईल असा. मला तो टाय तिथे बघवत नाही. पण ते दर दोन-तीन दिवसांनी पहाटेच्या बसने निघतात आणि टाय घरी ठेवून जातात, तेवढंच बरं वाटतं. सोको त्यांना एक गाणं शिकवतोय, अजून अर्ध्यावर सुद्धा आलेलं नाही. बा कबासोंची बोटं सोललीयेत आणि ते येता-जाता मला दाखवतात, आणि मला कळत नाही की हे गाणं लवकर पूर्ण व्हावं असं मला वाटतंय की कधीच होऊ नये असं.

आज सकाळी ते गेलेत. अजून आलेले नाहीत, मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. म्हणून तर हे एवढं भराभर लिहितेय. हे वाचताना तुम्हाला कुणाची तरी आठवण झाली असेल, आत्ता, हे वाक्य वाचताना. काय बोलायचं ते आधी ठरवत बसू नका, तिथे गेल्यावर सुचतं, नाही सुचलं तर समोरचा शिकवतो. फक्त जा. प्लीज, लवकर जा.